काठावरच्या चपला

दसरा झाला की बीडमध्ये ऊन परत येतं. पावसाळाभर कुठं तोंड लपवून बसलेलं असतं कोण जाणे, पण येतं ते हक्काच्या पाव्हण्यासारखं, थेट घरात. मी कोर्टाच्या मागच्या गल्लीत मुलींची मेस चालवते. दुपारी पत्रा तापतो, फोडणी डोळ्यांत जाते, आणि पोरी ताटाशेजारी पुस्तक उघडं ठेवून जेवतात. सगळ्या क्लाससाठी खेड्यापाड्यांतून आलेल्या. कुणाला डॉक्टर व्हायचंय, कुणाला फौजदार. मी त्यांना ब्रह्मचारी म्हणते. गुरूच्या गावी राहायचं, पहाटे उठायचं, मिळेल ते खायचं. जुन्या काळच्या शिष्यांत आणि ह्यांच्यात फरक एवढाच, की ते बिचारे भिक्षा मागून आणायचे आणि ह्या आयत्या ताटावर बसून माझ्या वांग्याच्या भाजीला नावं ठेवतात.

असल्याच एखाद्या दुपारी दिगूचा फोन येतो. दिगू म्हणजे माझा धाकटा भाऊ, वडवणीकडं आमची शेती आहे ती तो बघतो. "अक्का, हीर भरली बग," एवढंच म्हणतो आणि ठेवतो. मग मला फोडणीचा वास येईनासा होतो. शेवाळाचा यायला लागतो. ओल्या दगडाचा, पारव्यांच्या खोप्यांचा, उन्हात तापून पाण्यात पडलेल्या उंबराच्या फळांचा. हात कणकेत असतात आणि मी मनानं विहिरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसलेली असते.

आमच्या भागात विहिरी वर्षातून एवढे एक-दोन महिनेच माणसाला आपलं तोंड दाखवतात. कार्तिक सरला की रब्बीसाठी मोटरी सुरू होतात, पाणी एकेक पायरी उतरत जातं, आणि उन्हाळ्यात तर वाकून बघवत नाही. म्हणून आश्विन-कार्तिकाचे हे दिवस लोकांसाठी दिवाळीचे असतील, कापूस वेचणीचे असतील, माझ्यासाठी ते विहिरीचे आहेत. पोरी सुट्टीला घरी गेल्या की मी मेसला कुलूप लावते, एसटीनं वडवणी गाठते आणि पुढं जे मिळेल त्यात बसून गावी जाते.

पण हा मोसम माझा झाला तो एका सालापासून. त्या सालची गोष्ट माझ्या डोक्यात गोष्टीसारखी नाहीच, ती तुकड्या-तुकड्यांनी आहे. एक भगव्या रंगाचा पंजाबी ड्रेस, एक तेलाचा रिकामा कॅन, आणि काठावर नीट जोडून ठेवलेल्या चपला.

त्या साली पाऊस असा दिलदार झाला होता, की विहिरीच्या वरच्या पायऱ्यांनाच पाणी लागलं होतं. गावात मारुतीच्या देवळात पहाटेचा काकडा चालू होता आणि संध्याकाळी कीर्तन. महाराज बाहेरगावचे, गोड गळ्याचे. त्यांनी एका संध्याकाळी चार आश्रम सांगितले. आधी शिकावं, मग संसार करावा, मग पोराच्या हाती घर देऊन वनात जावं, आणि शेवटी सगळंच सोडावं. देवाकडं जायच्या वाटाही सांगितल्या, कर्माची, ज्ञानाची, भक्तीची, योगाची. म्हणाले, वाट कोणती का असेना, गाव एकच आहे.

आमच्या अण्णांना हे लागलं. अण्णा म्हणजे आमचे वडील, गावचे माजी सरपंच. त्यातला 'माजी' त्यांच्यापुढं उच्चारायचा नाही. घरी येऊन पाय धुता धुताच त्यांनी जाहीर केलं, "उद्यापासून आमी वानप्रस्थ." आता आमच्याकडं वन कुठलं? चार बाभळींना वन म्हणायचं तर सगळा तालुकाच ऋषींचा होईल. तेव्हा अण्णा शेतात गेले. विहिरीशेजारच्या पत्र्याच्या खोलीत त्यांची बाज गेली, रेडिओ गेला, पानाचा डबा गेला, मोबाईलचा चार्जर गेला. सकाळ-दुपार चहा लागायचा, जेवण गरम लागायचं आणि रात्रीच्या दुधावर साय लागायची. पुरुषमाणूस वनात गेलं की त्याच्यामागं डबा जातो, हे महाराजांनी कीर्तनात सांगितलं नव्हतं. डबा घेऊन जायची माय. गावापासून शेत चांगलं लांब आहे, आणि माय साठी ओलांडलेली.

"ह्येंचा वानप्रस्थ अन् माझी पायपीट," ती म्हणायची. पण जायची.

माय माझी मेंढरांवाल्या घरची. तिचे वडील मेंढ्या घेऊन फिरायचे. शेतात कळप बसवायचा, लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी घ्यायची, पुढच्या गावाला जायचं. शाळा नावाची गोष्ट तिनं रस्त्यावरून जाता जाता बघितली. एका जागी घर म्हणून तिला मिळालं ते लग्नानंतर. त्यामुळे ती घराला अशी चिकटली, की सणालासुद्धा माहेरी राहायची नाही. सूनबाईवर हुकूम, लेकावर हुकूम, म्हशीवर हुकूम. फटकळपणा माझ्यात कुठून आला ते सांगायला नको.

तर ही माय कीर्तन संपल्यावर बायकांच्या रांगेतून महाराजांच्या पाया पडायला गेली. मी तिच्या मागंच होते. पाया पडली आणि उठलीच नाही. बसल्या बसल्या विचारलं, "महाराज, बाईला किती आश्रम असत्यात?"

महाराज हसले. माणूस चांगला, मनात काही वाईट नाही. म्हणाले, "माउली, बाईला एकच. संसाराचा. तो नीट केला की बाकीच्या तिन्हींचं पुण्य आपसूक पदरात पडतं."

मायनं मान डोलवली, प्रसाद घेतला, आणि घर येईपर्यंत माझ्या दहा पावलं पुढं चालत राहिली. मी ओळखलं, काहीतरी शिजतंय. चुलीपुढं बसल्यावर भाकरी थापता थापता म्हणाली, "मला माझा पयला आश्रम पायजे."

"म्हणजे गं?"

"शिकायचा. माझं शिकायचं काईच झालं न्हाई. मेंढरं राखली अन् लगीन झालं. मदी काई आलंच न्हाई. पुण्याचं काय करू पदरात घिऊन? मला आश्रमच पायजे."

माझे डोळे भरून आले. मी लगेच म्हटलं, माय, पुढच्या वेळी येताना पाटी-पेन्सिल आणते, अंकलिपी आणते. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं ती खारट झालेल्या आमटीकडं बघते.

"अक्षरं काय करायची मला? एसटीची पाटी वाचता येती. मला पवायचंय."

पवायचं म्हणजे पोहायचं. सुनिता, माझी भावजय, हातातलं लाटणं विसरून बघत राहिली. मग माय बोलायला लागली. कळप कुठंही उतरला की तिचे भाऊ आधी विहीर शोधायचे. पाठीला वाळका भोपळा बांधायचे आणि धपाधप उड्या टाकायचे. माय काठावर त्यांचे कपडे राखायची, एक डोळा कपड्यांवर आणि एक मेंढरांवर. तिनं एकदा वडलांना विचारलं, मीबी जाऊ का, तर ते म्हणाले पोरींनी पवायचं नसतं. "कावून, ते कुनीच सांगितलं न्हाई," माय म्हणाली. "सगळ्या जिंदगीत किती हिरींचं पानी मी शेंदलं. आत कसं लागतं ते ठाऊक न्हाई मला."

मग तिनं हट्ट सांगून टाकला. कार्तिकी पुनवेच्या आत, मोटरी सुरू व्हायच्या आधी, आपल्या विहिरीत ह्या काठापासून त्या काठापर्यंत पोहायचं. पाठीला डबा नको, कमरेला दोर नको. फुडल्या साली हीर भरंल न भरंल, ती म्हणाली, अन् मी असंन नसंन.

दुसऱ्या दिवशी शेतात डबा घेऊन गेलो तेव्हा अण्णांनी हे ऐकलं आणि बाजेवरून उठून बसले. "येड लागलं का? बाईमाणूस हिरीत गेलं की गाव काय म्हनतं, ठाऊक हाय न्हव?"

ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. आमच्याकडं बाईनं विहीर जवळ केली ह्या वाक्याला एकच अर्थ आहे. माझ्या लहानपणी गावातल्या विहिरी आम्ही मालकाच्या नावानं ओळखत नसू, त्यात गेलेल्या बायकांच्या नावानं ओळखायचो. अमकीची हीर, तमकीची हीर. कुणी सासूला कंटाळून, कुणी नवऱ्याला, कुणी काहीच न सांगता. आमची विहीर तेवढी बिननावाची राहिली होती, आणि अण्णांना त्याचा अभिमान होता. गडी पोहायचे, पोरं पोहायची. बाई आत उतरायची ती एकदाच.

मायनं शांतपणे डबा उघडला, त्यांच्यापुढं ताट केलं आणि म्हणाली, "तुमी वनात हाय न्हव? मंग वनातल्यानं संसारात बोलू न्हाई."

पहिल्या दिवशी ती लुगड्याचा कासोटा मारून उतरली. लुगडं पाण्यानं असं जड झालं, की दुसऱ्या पायरीवरच ती बसली आणि मी आणि सुनितानं तिला ओढून काढलं. घरी आल्यावर तिची नजर सुनिताच्या पेटीवर गेली. त्या पेटीत सुनिताचे माहेरचे पंजाबी ड्रेस लग्नापासून पडून होते, कारण आमच्या घरात सुनेनं ड्रेस घालायचा नाही हा मायचाच कायदा.

"तेवढा भगवा काढ," माय म्हणाली.

"आत्याबाई, तुमीच म्हणला होता, डिरेस घालून चुलीफुडं येऊ नको."

"चुलीफुडं म्हणलं होतं. हिरीचं कुटं म्हणलं?"

सुनितानं ड्रेस काढून दिला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः हिरवा ड्रेस घालून चुलीपुढं बसली. मायनं बघितलं, आणि चहात साखर कमी पडली एवढंच म्हणाली.

दुपारी सगळं शिवार कापूस वेचायला वाकलेलं असायचं. विहिरीवर चिटपाखरू नसायचं. म्हणजे चिटं नसायची, पाखरं पुष्कळ. सुगरणींचे खोपे बाभळीवरून पाण्यावर लोंबायचे, कपारीतून पारवे घुमायचे. पाठीला तेलाचा रिकामा कॅन, कमरेला दोर, दोराचं टोक माझ्या हातात, आणि मायचे कपडे माझ्या मांडीवर. मलाही पोहता येत नाही. अण्णांनी दिगूला शिकवलं, मला नाही. मायनं जे राखलं तेच मी राखत होते, हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

अण्णा बाजेवर आमच्याकडं पाठ करून पेपर वाचायचे. रागावलेले. पण कान कुठं पाठ करता येतात. मायनं पाय आपटायला सुरुवात केली की सगळी विहीर घुसळून निघायची. अण्णा तरुणपणी पंचक्रोशीत पोहण्यासाठी नावाजलेले. त्यांना तो आवाज सोसेना. एक दिवस त्यांनी पाठ न वळवताच म्हटलं, "ढोरावानी पाय कावून आपटायलीस? पानी काय मारायचंय का?"

माय लगेच म्हणाली, "मंग कसं करायचं, गुरुजी?"

झालं. दुसऱ्या दिवशी पेपर गुडघ्यावर आला, तिसऱ्या दिवशी अण्णा काठावर, आणि मग धोतर खोचून पायरीवर. "पाय सरळ. हात पान्यात घाल, पान्यावर न्हाई. श्वास सोडत जा. घाई न्हाई." ह्या माणसाला आयुष्यभर मी घाईतच बघितलेलं. मतदानाची घाई, मिटिंगची घाई, जेवणाची घाई. मायला शिकवताना मात्र ते असे बोलायचे, जसं तान्ह्या वासराला दूध पाजताना बोलतात. आणि माय लेकरासारखी ऐकायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही दोघं एकमेकांकडं एवढी एकटक बघताना मी पहिल्यांदाच बघत होते. संसार होऊन गेल्यावर ब्रह्मचर्य आलं, वानप्रस्थ मोडून गुरुकुल झालं. महाराजांचा क्रम पार उलटापालटा झाला आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

अडलं ते एका जागी. अण्णा म्हणाले, पाठीचा कॅन सोडायचा तर आधी पाण्यावर उताणं पडता आलं पाहिजे. दम लागला की तेवढाच आसरा. हात पसरायचे, कान पाण्यात, डोळे वर, आणि काही करायचं नाही. मायला ते काही जमेना. पडली की मान वर करायची, कमरेत वाकायची आणि बुडायची.

"अगं, काई करू नको. नुसती पड."

"काई न करता कसं पडू? दिवसा आडवं पडायची सवय न्हाई मला."

ते ऐकून अण्णा मागं सरून पायरीवर बसले. खरंच होतं. आम्ही कुणी मायला दिवसा आडवी पडलेली बघितली नव्हती. तापातही ती भिंतीला टेकून बसायची.

तेव्हा मला महाराजांच्या त्या वाटा आठवल्या. अण्णांकडं सगळं ज्ञान होतं, पाणी कसं उचलतं, कशानं बुडवतं, बैजवार सांगायचे. मायकडं कर्म होतं, हातपाय मारायला तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. पण विहिरीच्या मध्यावर ना ज्ञान कामाला येत होतं, ना कष्ट. तिथं फक्त विसंबायचं होतं. आणि विसंबायचं कुणावर, तर ज्या पाण्याला सगळं गाव भ्यायचं त्याच्यावर. असं मांडून ठेवलं की कीर्तन होतं, म्हणून जास्त बोलत नाही. एका दुपारी अण्णा पाण्यात उतरले, मायच्या पाठीखाली त्यांनी हात धरला आणि कधी काढला ते तिला कळलंच नाही. माय पाण्यावर पडून राहिली. भगवा ड्रेस चहूकडं पसरला. तिच्या कपाळावरची आठी, जी मी जन्मापासून बघत आले होते, ती सुटली.

बाहेर आल्यावर बराच वेळ ती पायरीवर बसून होती. मी विचारलं, कसं वाटलं.

"काईच न्हाई. म्हंजी काईच नव्हतं बग. कान बंद, आवाज न्हाई. मीबी नव्हते." मग म्हणाली, "भाकरी दे. लई भूक लागली."

पुनव तोंडावर आली. दोर सुटला होता, कॅन सुटायचा होता. आणि नेमका त्या दिवशी अण्णांना वडवणीहून पक्षाच्या बैठकीचा फोन आला. वानप्रस्थी माणूस पांढरी टोपी झटकून जीपमध्ये बसला. जाताना मायला म्हणाले, मी आल्याबिगर उतरू नको. माय बरं म्हणाली. मी आणि सुनिता घरी काल्याच्या प्रसादाच्या तयारीत होतो, लाह्या निवडत. माय म्हणाली, "कपाशीला चक्कर मारून येते."

गोदाकाकू म्हणजे आमच्या शेताशेजारची. तिला तहान लागली म्हणून ती विहिरीवर आली. काठावर मायच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या. शेजारी घडी घातलेलं लुगडं. लुगड्यावर चष्मा. गोदाकाकूनं पुढं होऊन वाकूनसुद्धा बघितलं नाही. तिला कशाला बघायला लागतंय? आमच्याकडं काठावरच्या चपला सगळं सांगून टाकतात. तिनं बोंब मारली ती शेताशेतातून पुढं जात पार मारुतीच्या देवळापर्यंत पोचली.

मी पळत सुटले. माय पोहायला गेली असणार हे सगळ्यांत जास्त मलाच ठाऊक होतं. तरी मी पळत होते. कोण बाई कधी कशाला जाते, कुणाला कळलंय? आणि पाठीला कॅन असेल-नसेल, दोर धरायला कुणी नाही, अण्णा नाहीत. आजूबाजूला माणसं पळत होती. कुणाकडं कासरा, कुणाकडं दोरखंड, दोघांनी तर बाज उचलून आणलेली, माणूस वर काढायला. पळता पळता बोलतही होती. सुनेनं डिरेस घालायला सुरू केलं म्हून जीवाला लावून घेतलं. सरपंच वनात गेला म्हून मन इटलं. मी विहिरीवर पोचेपर्यंत मायच्या मरणाचं कारणही ठरलं होतं.

सगळे काठावर गोळा झालो आणि वाकून बघितलं. खाली, पाण्याच्या अगदी मधोमध, माय उताणी पडली होती. हात पसरलेले, डोळे मिटलेले, भगवा ड्रेस पाण्यावर पसरलेला. हलत नव्हती. गोदाकाकूनं ऊर बडवून गळा काढला, "माझी वाघीन गेली वं." दिगू सदरा काढत होता. मला तिच्या पोटाकडं बघायचं होतं, श्वास चाललाय का ते, आणि बघायचं धाडस होत नव्हतं.

मायनं डोळे उघडले. कान पाण्यात, तिला काही ऐकू आलं नसावं, उन्हावर सावली आली म्हणून उघडले असतील. वर बघते तर आभाळाच्या कडेनं सगळ्या गावाची डोकी. ती दचकली, मान वर केली आणि म्हणाली,

"काय झालं रं? कोन पडलं हिरीत?"

गोदाकाकूचा गळा अर्ध्यावरच थांबला. कुणीतरी चाचरत म्हणालं, "तूच की, नानी."

मायला हसू आलं. आणि पाण्यात हसायचं नसतं. नाकातोंडात पाणी गेलं, ती वाकली, हात वेडेवाकडे झाले आणि डोकं खाली गेलं. काठावरून एकच हाय निघाली. दिगूनं उडी टाकायला पाय उचलला, तेवढ्यात गर्दी फोडून अण्णा आले. ते वडवणीहून परत निघालेलेच होते, वाटेतच त्यांना कुणीतरी फोन केला होता. टोपी कुठं पडली होती, चेहरा राखेसारखा. त्यांनी दिगूचा दंड धरला.

"थांब. हात लावू नको तिला."

मग पायरीवर उतरून, पाण्याकडं बघून, त्या रोजच्या आवाजात म्हणाले, "पाय. पाय सरळ कर. श्वास सोड. घाई न्हाई."

सगळं गाव ऐकत होतं. सरपंचानं बायकोला पोहायला शिकवलंय हे गुपित त्या एका वाक्यात फुटलं, आणि अण्णांना त्याची तमा नव्हती. मायचं डोकं वर आलं. तिनं तोंडातलं पाणी थुंकलं, एकदा पायऱ्यांकडं बघितलं, तिथं अण्णा उभे होते, अगदी जवळ. आणि मग ती वळली उलटी. समोरच्या कपारीत उंबराची मुळी पाण्यात उतरलीय, तिकडं निघाली. हात पाण्यात, पाण्यावर नाही. पाय सरळ. एकेक हात टाकत, म्हातारी बाई बाजाराला निघावी तशी, आपल्या चालीनं. विहिरीत तिच्या श्वासाचा आवाज घुमत होता. तिनं उंबराच्या मुळीला हात लावला. तिथं थांबेल असं वाटलं. थांबली नाही. मुळी सोडून परत फिरली आणि पायऱ्यांकडं आली.

तेव्हा जो आवाज उठला तो मी कुठल्या निवडणुकीत ऐकला नाही. बाज आणणाऱ्या दोघांनी बाज खाली टाकली आणि टाळ्या वाजवल्या. गोदाकाकू मघाच्याच डोळ्यांतल्या पाण्यानं हसायला लागली. मी काठावर फतकल मारून बसले आणि ढसाढसा रडले, आनंदानं रडतात तसं.

अण्णांनी हात पुढं केला होता. मायनं तो धरला नाही, कॅन नसलेल्या पाठीनं, पाणी गाळत, एकेक पायरी चढून ती स्वतः वर आली. सुनितानं तिच्या अंगावर लुगडं टाकलं. माय जमलेल्या माणसांकडं बघत राहिली. बाजेकडं बघितलं, दोरखंडाकडं बघितलं.

"बाई हिरीत गेली की तिला काढायला अख्खं गाव येतं," ती म्हणाली. "जित्ती असताना कुनी बगायला येत न्हाई. आज आलात, बरं झालं. समद्यांनी बगितलं."

जुनी माणसं खाली बघत होती. मला वाटतं, प्रत्येकाला आपापली विहीर आठवली असेल.

काल्याच्या कीर्तनाला माय पुढं जाऊन बसली. पाया पडताना महाराजांनीच हसून विचारलं, "माउली, कितवा आश्रम?" बातमी त्यांच्यापर्यंत गेली होती.

"पयलाच," माय म्हणाली. "घाई न्हाई."

त्यानंतर काही साली विहीर भरली, काही साली नाही. न भरलेल्या साली माय काठावर जाऊन बसते आणि पाण्याला शिव्या घालते. अण्णांचा वानप्रस्थ केव्हाच संपला, पण दुपारची बाज अजून बाभळीखाली पडते. आता त्यांना काम आहे. विहिरीकडं पाठ करून बसायचं आणि कुणा गड्याला तिकडं फिरकू द्यायचं नाही. चहाचा थर्मास घरून तेच घेऊन येतात.

कारण आता माय एकटी नसते. पहिल्यांदा गोदाकाकू आली, मग तिची सून, मग सुनिता, मग वरच्या आळीच्या बाया. कापूस वेचून पाठी दुखायला लागल्या की दुपारी थोडा वेळ सगळ्या विहिरीवर. गोदाकाकू तर वरच्या पायरीवरून गुडघे पोटाशी घेऊन मुटका मारते, सगळं पाणी काठाला येतं. माय पायरीवर बसून हुकूम सोडते, "ढोरावानी पाय आपटू नका."

ह्या साली विहीर भरली. दिगूचा फोन आला तशी मी निघाले. काल दुपारी गेले, तर काठावर बायकांच्या चपला एका ओळीत काढलेल्या, शेजारी लुगड्यांच्या, साड्यांच्या घड्या, एका घडीवर मायचा चष्मा. मी सवयीनं दगडावर बसले आणि कपडे राखायला लागले. तेवढ्यात बांधावरून मेंढरांचा कळप निघाला. मेंढक्यानं त्या चपलांच्या ओळीकडं बघितलं. मला गोदाकाकूची बोंब आठवली.

"आज बाया लई हायत वाटतं," तो म्हणाला, आणि मेंढरं हाकीत पुढं गेला.

विहिरीतून मायची हाक आली, "अक्के, कपडे राखाया दगड हाय की. तू ये."

मी चपला काढल्या, ओळीच्या शेवटी ठेवल्या, आणि पायऱ्या उतरायला लागले.